कोरडा ताप

लाँड्रीत तिला सगळे ताई म्हणत. मालक तिच्याहून वयानं मोठा, पण तोही ताईच म्हणायचा. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलांवरचे कपडे धुऊन यायचे आणि ताई ते वाफेच्या मोठ्या रोलरमधून काढायची. ओलसर चादर ती एका बाजूनं आत सारायची. दुसऱ्या बाजूला तिची मैत्रीण उभी असायची, जिला सगळे घडीवाली म्हणत. ती कडकडीत होऊन बाहेर आलेली चादर पकडायची आणि घड्या घालायची. मध्ये रोलर धडधडत असल्यामुळे दोघींच्या गप्पा ओरडूनच चालायच्या, आणि त्यामुळे ताईच्या घरातली कुठलीच गोष्ट लाँड्रीत गुपित राहायची नाही.

ताईचा घाम हा तिथला जुना विनोद होता. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पाठी चिंब व्हायच्या. ताईची पाठ मात्र पट्ट्यापट्ट्यांनी भिजायची, एक पट्टा ओला तर शेजारचा कोरडा ठणठणीत. “तुला बनवताना नळाचं पाणी मध्येच गेलं बघ,” घडीवाली म्हणायची, आणि ताई सगळ्यांत मोठ्यानं हसायची. तिचे केस विरळ होते. दोन दाढा कधी उगवल्याच नाहीत. नखं इतकी पातळ की चादरीच्या शिवणीत अडकून कागदासारखी फाटायची. असतं एकेकाचं शरीर, असं म्हणून तिनं त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

घरात ताई, तिची म्हातारी आई, लेक आणि लेकीचं तान्हं मूल असे चौघं. ताईचा नवरा कधीच वारला होता. जावई मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला, त्यामुळे तो घरात असायचा तो फोनमध्येच.

बाळाला सगळे टकलू म्हणत, कारण डोक्यावर नाव घ्यावं असं काही नव्हतंच. पीचच्या फळावर असते तशी लव, तीही फिकट. भुवया शोधाव्या लागत. जन्मला तेव्हा अंगाची कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती आणि डोळ्यांभोवतीची जागा काळसर, सुरकुतलेली. “जन्मताच रिटायर झालाय हा,” जावई फोनवर म्हणाला होता. हसून खेळून दिवस चालले होते, पण उन्हं तापायला लागली आणि टकलूला ताप यायला लागला.

साधासुधा ताप नव्हे. हात लावला तर चटका बसावा असा. लेक त्याला पोटाशी धरून रिक्षानं दवाखान्यात न्यायची. तिथे त्याचं रक्त काढलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. एकदा तर पाठीच्या मणक्यातून पाणीसुद्धा काढलं, तेव्हा लेकीला बाहेर उभं केलं होतं आणि तिनं त्याचं रडणं ऐकून भिंतीला डोकं टेकलं होतं. सापडलं काहीच नाही. सलाईनमधून औषधं जायची, तास-दोन तासांत ताप उतरायचा, मुलगा हसायला लागायचा. डॉक्टर म्हणायचे, औषध लागू पडलं. घरी आणलं की दोन दिवसांत पुन्हा भट्टी.

ताईच्या आईचं मत ठरलेलं होतं. “मूल उघडं टाकता तुम्ही. वारं बाधतं. आमच्या वेळी ताप आला की चांगलं गुंडाळायचं आणि घाम फुटायची वाट बघायची.”

शेवटी अंगावरची कोरडी, खरूज झाल्यासारखी कातडी दाखवायची म्हणून त्यांनी त्याला एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, बोलायला सावकाश. रिक्षातून तापत आलेला टकलू त्यांच्या थंडगार खोलीत टेबलावर पडला होता. बाईंनी त्याच्या पाठीवरून, कपाळावरून, काखेतून बोटं फिरवली. मग बोटं स्वतःच्या अंगठ्यावर चोळून बघितली.

“याला घाम येतो का?”

लेक म्हणाली, “येत असेलच की.”

“कधी बघितलाय? दूध पिताना कपाळावर? झोपेत मानेवर? उशी ओली झालेली?”

दहा महिने लेकीनं त्या मुलाचं अंग दिवसरात्र पुसलं होतं. तिला एकही ओला थेंब आठवेना. तिनं ताईकडे बघितलं. ताईलाही आठवेना.

बाईंनी पुन्हा थर्मामीटर लावला. ताप निम्म्यावर आला होता. “मी याला काहीच औषध दिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “नुसता या थंड खोलीत ठेवलाय. दवाखान्यातही तेच होत असणार.”

लेक मटकन खुर्चीवर बसली. म्हणजे त्या सुया, ते मणक्यातलं पाणी, ते सगळं कशासाठी? मुलाला आजार नव्हताच, तो फक्त तापलेल्या हवेत तापत होता, पत्र्यासारखा.

बाईंनी त्याच्या हिरड्या चाचपल्या, नखं बघितली, लव बघितली. मग त्यांनी मान वर केली आणि त्या ताईकडे बघायला लागल्या, केसांकडे, दातांकडे, हातांकडे. ताईनं नकळत पदराआड हात घेतले.

“आजी, तुम्हाला घाम कसा येतो?”

“पट्ट्यापट्ट्यांनी,” ताई हसून म्हणाली. बाई हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात ताईची तपासणी झाली. तिच्या पाठीला आयोडीनचा तपकिरी लेप दिला, तो वाळल्यावर वरून पांढरी पिठी भुरभुरवली आणि तिला गरम दिव्यांजवळ बसवलं. घाम आला की ती पिठी काळीनिळी होते, बाईंनी सांगितलं. ताईला त्या दिव्यांचं काहीच वाटलं नाही, रोलरपुढे ते म्हणजे सावलीच. थोड्या वेळानं मागे उभ्या असलेल्या लेकीचा आवाज आला, “अगं आई गं!”

“काय झालं? भाजलं का?”

लेकीनं मोबाईलवर फोटो काढून पुढे धरला. ताईला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची तरी पाठ आहे. मणक्यापासून दोन्ही बाजूंना काळेनिळे पट्टे वळत खाली उतरले होते आणि त्यांच्यामध्ये पांढरे कोरडे पट्टे, कुणीतरी हातानं ओढावेत तसे. पन्नाशी उलटेपर्यंत ती ही पाठ घेऊन फिरली होती, तिच्यावर चारचौघींत हसली होती.

बाईंनी दोघींना समोर बसवून समजावलं. शरीर घडताना केस, दात, नखं आणि घामाच्या ग्रंथी एकाच जागेवरून फुटतात. त्या जागीच जन्मतः काही उणं राहिलं की हे सगळंच उणं येतं. हे आईकडून मुलाकडे उतरतं. बायकांच्यात अर्धंमुर्धं दिसतं, म्हणून लक्षात येत नाही. मुलग्यांच्यात मात्र पुरतं उतरतं. टकलूच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. त्याला ताप उतरवायची गोळी नको, गारवा हवा. ओलं फडकं, पंखा, पाण्याचा टब. “पाण्यात बसवा त्याला, हवं तितकं. आणि पांघरूण अजिबात नको. गुंडाळलं तर त्याच्या जिवावर बेतेल.”

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता का?”

ताईनं टकलूच्या डोक्यावरची लव हातानं सारखी केली.

“भाऊ होता,” ताई म्हणाली. “धाकटा. चार वर्षांचा. तापानं गेला.”

“त्याचे केस, दात?”

“केस नव्हतेच. पुढचे दोन दात होते, सुळ्यासारखे. सारखा फरशीवर पालथा पडायचा. पाण्याच्या पिंपाला पोट चिकटवून उभा राहायचा. त्या दिवशी आई कामाला गेलेली. तो लालबुंद झाला होता, किरकिर करत होता. मी पत्र्याच्या टबात पाणी भरून त्याला बसवलं. आठ वर्षांची होते मी. पाण्यात बसला की हसायला लागला. चांगला खेळत होता. मग आई आली. तिनं त्याला बाहेर ओढला, मला दोन ठेवून दिल्या. दुपारी ताप चढला. तिनं खिडक्या लावल्या, घरातली सगळी पांघरुणं त्याच्यावर घातली. शेजारणीकडनं एक घोंगडी आणली. घाम फुटला की उतरेल म्हणून...”

बाईंचं लिहिणं थांबलं होतं.

“घाम फुटलाच नाही,” ताई म्हणाली. “झटके आले आणि...”

तिचं तिलाच ऐकू आलं, आणि ती तिथेच थांबली. तिघींनाही एकाच वेळी कळलं होतं. लेकीनं टकलूला घट्ट धरलं, आणि मग घाबरून पटकन सैल सोडलं, कारण घट्ट धरलं तरी तो तापेल असं तिला वाटलं.

ताईला खरा हादरा बसला तो याहून वेगळ्याच गोष्टीचा. धाकटा गेला त्या दिवसापासून घरात एक वाक्य ठरून गेलं होतं: हिनं त्याला पाण्यात बसवला. आई ते भेटायला आलेल्यांना सांगायची, आलागेला प्रत्येकजण ते ऐकायचा. पुढे ताईला लेक झाली, तेव्हा आई नर्सला म्हणाली होती, “हिच्या हातात देऊ नका अंघोळीला. मी घालीन.” आणि ताईनं ऐकलं होतं. स्वतःच्या पोटच्या पोरीला तिनं कधी अंघोळ घातली नाही. भीती वाटायची. टकलूलाही घातली नव्हती. आता ही डॉक्टरीण सांगत होती की त्या सगळ्या दिवसात त्या घरात एकच गोष्ट बरोबर झाली होती, आणि ती आठ वर्षांच्या पोरीनं केली होती.

परत येताना रिक्षात लेक म्हणाली, “आई, आजीला सांगायचं नाही हं. या वयात झेपायचं नाही तिला.”

“नाही सांगत,” ताई म्हणाली. घरी आईला एवढंच बजावलं की टकलूला पांघरूण घालायचं नाही; तिनं ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी लाँड्रीतही ती बोलली नाही. घडीवाली रोलरपलीकडून ओरडून ओरडून दमली. “जीभ विसरलीस का घरी?” तरी नाही.

पण आठवडा झाला नसेल, भर दुपारी वीज गेली. ताईची सुट्टी होती, ती खाली दुकानातून बर्फ घेऊन वर आली तर लेक आत बादलीत पाणी भरत होती आणि बाहेर खाटेवर आईनं टकलूला आपल्या जाड चादरीत मानेपर्यंत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. त्याचं तोंड लालभडक झालं होतं आणि डोळे वर चालले होते.

ताईच्या हातातला बर्फ खाली पडला. तिनं ती चादर अशी हिसकली की आईचा हात खाटेच्या लोखंडावर आपटला. मुलाला उचलून तिनं सरळ बादलीत बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं, ओततच राहिली. लेक किंचाळत फरशीवरचा बर्फ गोळा करायला लागली.

“अगं काय करतेस!” आई ओरडली. “ताप आहे त्याला! एक मारलास पाण्यात घालून, आता याला पण मारतेस?”

ताई बादलीशी गुडघे टेकून बसली होती. तिनं मान वळवली नाही. “मी नाही मारला,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. “त्याला घाम येत नव्हता, आई. याच्यासारखाच होता तो. पाण्यात होता तोवर जिवंत होता. पांघरुणांनी गेला.”

बादलीत टकलूनं एक उसासा टाकला आणि पाण्यावर हात आपटला.

आई उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेतला, तोही अर्धा. ताई दारापर्यंत जायची आणि परत यायची. बोलून टाकलं याचं समाधान तिला तासभरसुद्धा टिकलं नव्हतं. खाटेवर आपटून आईचं मनगट सुजलं होतं, ते बघून तर तिला स्वतःचीच किळस आली. लेक दोघींच्या मधून ताटं घेऊन ये-जा करत होती.

चौथ्या दिवशी सकाळी आई चपला घालून दारात उभी राहिली. “मला त्या डॉक्टरणीकडे न्या.”

“आजी, कशाला आता?” लेक म्हणाली.

“विचारायचंय.”

डॉक्टरीणबाईंना सगळं आधी सांगावं म्हणून ताई पुढे होऊन बोलायला लागली, पण आईनं तिला हातानं मागे सारलं. ती खुर्चीवर बसली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली.

“माझा मुलगा पांघरुणानं गेला का?”

बाईंनी ताईकडे एकदा बघितलं. “आजी, त्या काळात हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्ताही दवाखान्यात कळलं नाही, तुमच्या पणतवंडाचं बघितलंत ना. तिथे मी असते तरी मलाही कळलं नसतं.”

“ते नाही विचारलं मी, पोरी.”

बाईंनी टेबलावरचं पेन बाजूला ठेवलं. “मी त्याला बघितलेलं नाही, त्यामुळे शपथेवर नाही सांगू शकत. पण तुमच्या लेकीनं सांगितलं तसंच झालं असेल तर हो. पांघरुणानं ताप वाढला असणार.”

“आणि पाण्यानं?”

“पाण्यानं त्याला बरंच वाटलं असणार.”

आईनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग ती सावकाश वळली. ताईकडे बोट केलं, आणि डॉक्टरीणबाईंना, लेकीला, दाराशी उभ्या असलेल्या नर्सला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मग हिनं नव्हतं.”

ताईला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं ओझं उतरेल. प्रत्यक्षात ती नर्सनं पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसली. ती हमसाहमशी रडली आणि आई तिच्याजवळ आली नाही, टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. तिला जवळ यायचा धीर होत नव्हता, हे ताईला नंतर कळलं.

घरातल्या गोष्टी बदलल्या. खिडकीत कूलर आला, टकलूच्या बाबागाडीत पाण्याचा फवारा आणि ओले बनियन आले. ताई त्याला दिवसातून चारदा टबात बसवायची. पहिल्यांदा बसवलं तेव्हा तिनं लेकीलाही खालून हात लावायला सांगितलं. लाँड्रीत ऐकून घडीवालीनं कपाळावर हात मारला. “इतकी वर्षं मी तुझ्या पाठीवर हसले गं,” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः रोलरच्या तोंडाशी उभी राहून तिनं ताईला घडीच्या, त्यातल्या त्यात गार बाजूला ढकलून दिलं.

आणि आईनं फोन लावायला सुरुवात केली.

आधी कुणाला कळलं नाही ती काय करतेय. नातीकडून ती नंबर लावून घ्यायची आणि फोन कानाशी धरून मोठ्यानं सांगायची. चुलतभावाला, जुन्या शेजारणीच्या सुनेला, जिथे जिथे तिनं ते वाक्य पूर्वी सांगितलं होतं तिथे तिथे. “धाकटा आठवतो ना? तो माझ्या पांघरुणात गेला. हिनं पाण्यात बसवला म्हणून नाही. मी चुकीचं सांगितलं होतं.” पलीकडचे लोक चपापून जायचे. इतक्या वर्षांनी, सकाळी सकाळी, ख्यालीखुशाली न विचारता हे असं. कुणी रडायचं, कुणी घाईनं विषय बदलायचं. बरेच जण तर केव्हाच जग सोडून गेले होते, तेव्हा ती त्यांच्या मुलांना सांगायची, ज्यांना धाकटा कोण हेच माहीत नव्हतं.

ताईला ते ऐकवेना. “आई, पुरे आता. कशाला स्वतःचीच कातडी सोलतेस?”

“गप्प बस तू,” आई म्हणाली. “तुझी आत्या राहिलीय अजून.”

आत्या नव्वदीची होती आणि कानानं अधू. फोन स्पीकरवर टाकावा लागला. आईनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, ओरडून सांगितलं. मग आत्याचा खणखणीत आवाज आला, “अगं, तो तापानंच गेला ना? मला तर तेवढंच ठाऊक. पाणीबिणी कुठून काढलंस? तू मला असलं काही कधी बोलली नव्हतीस.”

“बोलले होते!” आई म्हणाली. “तुझ्याच घरी, सगळ्यांदेखत!”

“असशील बोलली. मी नव्हतं मनावर घेतलं. आठ वर्षांच्या पोरीला कोण बोल लावतं?”

फोन बंद झाला. आईनं ताईकडे बघितलं आणि ताईनं आईकडे. आजवर जे सगळ्या गणगोताच्या तोंडी आहे असं दोघींनी धरून चाललं होतं, ते आत्यानं, आणि कदाचित निम्म्यांनी, त्याच दिवशी सोडून दिलं होतं. ताईला हसावं की रडावं कळेना. आईनं मात्र डोळ्यांवरून हात फिरवला, सुजून बरं झालेलं मनगट पुढे केलं आणि म्हणाली, “हे दुखतं अजून. जरा चोळ.” ताई तिच्या शेजारी खाटेवर बसली आणि चोळायला लागली.

त्यानंतर आई दोन हिवाळे जगली. टकलू आता शाळेत जातो. तोंडात लहान मुलांची कवळी आहे, आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं ती भर वर्गात काढून बाकावर ठेवली तेव्हा नव्या बाई किंचाळल्या. शाळेतून फोन आला. लेक धावत गेली, ताईही कामावरून थेट तिकडे. टकलू पाण्याच्या नळाखाली डोकं धरून उभा होता आणि त्याच्याभोवती अर्धा वर्ग ओळीत, आपलाही नंबर येईल म्हणून.